थाल मांडला, पण घरची बाई बसली का?

मार्चमध्ये रमजान आला की पुण्यात रोजा सोडायची वेळ पावणेसातच्या आसपास येते. तारखेप्रमाणे दोन-चार मिनिटे इकडे-तिकडे. लग्नाच्या मुहूर्ताला हल्ली पुण्यातही दहा-पंधरा मिनिटांची सवलत मिळते, मगरिबच्या अजानला ती नाही. पहाटे साडेपाचच्या सुमारास सहरी आटोपलेली, त्यानंतर तेरा तासांहून अधिक काळ पाण्याचा थेंबही नाही, आणि मग तो एक क्षण. घरातले सगळे दस्तरखानाभोवती बसलेले असतात. पोरांची नजर घड्याळावर आणि शरबताच्या ग्लासांवर. थोरांचे हात दुआसाठी उचललेले. आमंत्रण देऊन बोलावलेले पाहुणे जरा अवघडून, पण कौतुकाने हे पाहत असतात.

आणि स्वयंपाकघरातून भजी तळल्याचा आवाज येत असतो.

पुष्कळ घरांत हे चित्र वर्षानुवर्षे तसेच आहे. दिवसभराचा रोजा तिचाही असतो, पण ती तो ओट्यापाशी उभ्यानेच सोडते. एका हातात खजूर, दुसऱ्या हातात झारा. 'तुम्ही सुरू करा, मी आलेच' हे वाक्य मराठी घरांत पंगतीला जितके ऐकू येते तितकेच इफ्तारलाही. बाहेर सगळ्यांनी खाऊन तारीफ केल्यावर ती येते, तोवर मगरिबच्या नमाजची वेळ झालेली असते. पाहुण्यांसाठी इफ्तारचा थाल कसा लावावा हे सांगायचे तर सुरुवात इथूनच करायला हवी. पदार्थ किती झाले, कबाब किती खुसखुशीत झाले, हे सगळे नंतर. थाल नीट जमला की नाही याची खरी कसोटी एकच: अजान झाली तेव्हा तो करणारी बसलेली होती का?

घरी पाहुणे बोलावून इफ्तार करणे कमी होत चालल्याची तक्रार कोंढव्यापासून मोमीनपुऱ्यापर्यंत ऐकू येते. इफ्तार पार्ट्या मात्र वाढल्या आहेत. हॉलमध्ये, मंडपात, पुढाऱ्यांच्या फोटोंसह. त्यांनाही अर्थ आहे, त्यांची थट्टा करण्याचे कारण नाही. पण तिथे शेजारी बसलेल्या माणसाचे घर कसे आहे, त्याच्या आईच्या हातचे दहीवडे कसे लागतात, हे कळत नाही. पुण्यात एकाच कार्यालयात वीस वर्षे शेजारच्या खुर्चीत बसलेल्या माणसांनी एकमेकांचे घर पाहिलेले नसते. एक कोथरूडला, दुसरा कोंढव्याला. मधे स्वारगेट आहे आणि स्वारगेटपेक्षा मोठा संकोच आहे. बोलावणाऱ्याला वाटते, बोलावले तर बिर्याणी, कोर्मा, फिरनी सगळे करावे लागेल. येणाऱ्याला वाटते, गेलो तर काय खावे लागेल कुणास ठाऊक. दोघेही 'नंतर कधीतरी' म्हणतात आणि रमजान निघून जातो.

या दोघांचीही सोय थाल करू शकतो. संपूर्ण जेवणाचा घाट घालायचा नाही. एका मोठ्या परातीत किंवा थाळ्यात सहा-सात गोष्टी मांडायच्या, शेजारी शरबत, आणि त्यानंतर हवे तर एखादा साधा पुलाव किंवा खिचडी. कोणी याला थाल म्हणते, कोणी सेनी. इंग्रजी वळणाच्या हॉटेलांत याच प्रकाराला आता स्टार्टर प्लॅटर म्हणतात आणि त्याचे चांगले पैसे घेतात. मराठीला मात्र ही मंडळी परकी नाहीत. हळदीकुंकवाचे तबक हा शब्द अरबीतून आलेला आहे आणि 'मेजवानी' हा फारसी 'मेजबान', म्हणजे यजमान, या शब्दातून. सरबतही त्याच वाटेने आले. सदाशिव पेठेतली आजी तबकात सरबताचे पेले ठेवून मेजवानीला आलेल्या पाहुण्यांसमोर धरते, तेव्हा तिने संस्कृतचा अवमान केला असे कोणाला वाटत नाही.

आता कामाचे. आठ माणसांचा थाल धरू.

बाई नोकरी करणारी आहे असेच समजायचे, कारण आता बहुतेक घरांत तसेच आहे. शाळा, बँक, दवाखाना, नाहीतर हिंजवडी. हिंजवडीहून कोंढव्याला पोचायला संध्याकाळी दीड तास लागला तरी नशीब म्हणायचे. म्हणजे तिच्या हातात घरी आल्यावर तास-सव्वा तास. त्यात तळण, कापण, मांडण, आंघोळ, अस्रची नमाज, सगळे. हे जमत नाही. म्हणून थालाचे निम्मे काम आदल्या दिवशी आणि पाव काम सहरीला झाले पाहिजे.

सहरीला उठल्यावर पहिली गोष्ट, पाव किलो काळे हरभरे धुऊन भिजत घालायचे. पहाटे पाचला भिजवलेले हरभरे दुपारी तीनपर्यंत दुपटीने फुगतात. बाई घरी नसेल तर जो कोणी घरी आहे त्याने, सासऱ्यांनी किंवा कॉलेजातून लवकर आलेल्या मुलाने, चिमूट मीठ घालून कुकरला चार-पाच शिट्ट्या कराव्यात. यात कला काही नाही. मुलाला कुकर लावता येत नसेल तर रमजान हा ते शिकवायला अतिशय योग्य महिना आहे. नंतर थोड्या तेलात जिरे, कढीपत्ता, हिरवी मिरची, कांदा परतून त्यात हरभरे, वर चिंचेचा कोळ. पाच मिनिटांचे काम. हा पदार्थ गार झाला तरी बिघडत नाही, उलट मुरतो. थालाच्या मधोमध वाडगाभर हरभरे असले की बाकी काही थोडे कमी पडले तरी कळत नाही.

दहीवड्यांचा मोह आवरावा. उडदाची डाळ भिजवा, वाटा, फेसा, तळा, यात अख्खी संध्याकाळ जाते. त्याऐवजी बेसनाच्या फुलक्या. वाटीभर बेसन, मीठ, तिखट, चिमूटभर सोडा, सैलसर भिजवून आदल्या रात्री तरावीहनंतर छोट्या छोट्या फुलक्या तळून डब्यात भरून ठेवायच्या. दुसऱ्या दिवशी साडेपाचला कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवायच्या, तळहातात हलके दाबून पाणी काढायचे आणि अर्धा किलो घोटलेल्या दह्यात सोडायच्या. वर भाजलेल्या जिऱ्याची पूड. दही जरा पातळच ठेवावे, कारण फुलक्या ते पितात. वाडगा साडेसहापर्यंत फ्रिजमध्येच राहू द्यावा. मार्चच्या उन्हात दही तासाभरात आंबट होऊ लागते.

समोसे हा थालाचा शिरोमणी, आणि वेळ खाणाराही तोच. पण यावर आपल्या आयांनी आणि खालांनी आधीच उपाय शोधलेला आहे. रमजानपूर्वीच्या रविवारी चार-पाच जणी एकत्र बसतात, समोशाच्या तयार पट्ट्यांची पाकिटे आणतात, सारण भरतात आणि शंभर-दीडशे त्रिकोण दुमडून फ्रीझरमध्ये ठेवतात. सारण पूर्ण गार आणि कोरडे हवे, ओले राहिले तर पट्टी फुटते. कडा मैद्याच्या खळीने चिकटवायच्या. तळताना गोठलेलेच समोसे मध्यम तापलेल्या तेलात सोडायचे, आधी बाहेर काढून ठेवले की पट्टी मऊ पडून चिकटते. एवढे तीन नियम पाळले की बिघडण्यासारखे काही उरत नाही. खिम्याचे समोसे त्रिकोणी आणि मटार किंवा कांदा-पोह्याचे लांबट वळकटीसारखे, असा आकारातच फरक ठेवावा. थालासमोर कोणाला विचारावे लागू नये.

हे शेवटचे वाक्य नुसते सोयीचे नाही, त्यावर बरेच अवलंबून आहे. पुण्यात इफ्तारला येणाऱ्या पाहुण्यांपैकी अनेक जण शाकाहारी असतात आणि त्यांच्या मनातला प्रश्न ते विचारत नाहीत. तेल कोणते? झारा कोणता? विचारले तर यजमानाचा अपमान होईल, न विचारता खाल्ले तर स्वतःला रुखरुख. मग ते दोन द्राक्षे खातात, 'दुपारी जेवण उशिरा झाले' म्हणतात आणि सगळ्यांचा विरस होतो. समंजस यजमान प्रश्न यायच्या आधीच उत्तर देतो. शाकाहारी तळण आधी, स्वच्छ कढईत, ताज्या तेलात. खिम्याचे त्याच्यानंतर. शाकाहारी पदार्थ मोठ्या थालात आणि मांसाहारी दोन पदार्थ वेगळ्या ताटलीत, थोडे दूर. आणि बसतानाच सहज सांगून टाकायचे: 'थालातले सगळे शाकाहारी आहे, तेलही वेगळे आहे.' इतक्या एका वाक्याने समोरच्या माणसाचे खांदे सैल होतात, हे पाहण्यासारखे असते.

जैन पाहुण्यांची गोष्ट वेगळी आहे आणि ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. कांदा-लसूण आणि कंदमुळे टाळणे सोपे आहे. हरभऱ्यातला कांदा काढला, समोशात बटाटा घातला नाही, झाले. पण जे चौविहार पाळतात, ते सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. म्हणजे ज्या घटकेला रोजेदाराचा उपवास सुटतो, नेमक्या त्याच घटकेला त्यांचा सुरू होतो. एकाच मावळत्या सूर्याकडे पाहून दोन शेजारी दोन उलट गोष्टी करतात. अशा मित्राला इफ्तारला बोलावून त्याच्यापुढे थाल सरकवणे ही पंचाईतच. त्याला सहाला बोलवावे, फळे आणि सुका मेवा तेव्हाच द्यावा, आणि अजानच्या वेळी तो नुसता सोबत बसला तरी त्यात काही कमी नाही. रोजेदार त्याच्यासमोर आधी खात नाही म्हणून त्याने ओशाळू नये, आणि नंतर तो खात नाही म्हणून यजमानाने आग्रह करू नये. आग्रह हा आपल्या सगळ्यांचाच सामाईक दुर्गुण आहे.

संकष्टी किंवा एकादशी असलेल्या पाहुण्याला खजूर आणि फळे चालतात. फक्त त्याच्या वाटची फळे चाट मसाला न घालता वेगळी काढावीत.

फळांबद्दल दोन शब्द हवेत, कारण थाल बहुतेक वेळा फळांनीच फसतो. टरबूज-खरबूज खूप पाणी सोडतात, त्यांना पपई, चिकू, द्राक्षांत मिसळले की अर्ध्या तासात सगळ्याचे सूप होते. त्यांच्या फोडी वेगळ्या ठेवाव्यात. केळे सर्वांत शेवटी कापावे आणि लगेच लिंबू पिळावे, नाहीतर काळे पडते. मीठ आणि चाट मसाला बसण्यापूर्वी अगदी पाच मिनिटे, कारण मीठ पडले की फळ पाणी सोडू लागते. फळे मंडईतून आणली की मार्केट यार्डातून, यावर पुणेकर वाद घालू शकतात. संध्याकाळी सहाला आणली तर दोन्हीकडची महागच.

खजुराशिवाय थाल नाही. पैगंबरसाहेब रोजा ओल्या खजुराने सोडत, तो नसेल तर वाळलेल्या, तोही नसेल तर पाण्याच्या काही घोटांनी, अशी परंपरा सांगितली जाते. म्हणजे मूळ इफ्तार किती साधा होता हे त्यातच आले. आठ माणसांना माणशी तीन धरून चोवीस खजूर पुरतात. विषम संख्येत खाण्याची प्रथा आहे. इराणचा काळा, लोण्यासारखा मऊ कीमिया घेतला तर तो फ्रिजमध्येच ठेवावा लागतो. अजवा महाग असतो, तो पाहुण्यांना दाखवण्यासाठी आणण्याची गरज नाही. बी काढून आत बदाम भरला की साधा खजूरही देखणा होतो. पाहुण्यांत मधुमेही असतील तर त्यांच्यापुढे हरभरे आणि फुलक्या जवळ याव्यात असा थाल फिरवून ठेवावा. बोलून दाखवू नये.

शरबत लाल हवे, ही पोरांची अट असते. दिल्लीच्या हमदर्द दवाखान्यातून शंभरहून अधिक वर्षांपूर्वी निघालेले रूह अफजा दुधात किंवा पाण्यात, आणि वर वीस मिनिटे भिजवलेला सब्जा. पण उन्हाळ्यात लिंबू सरबत किंवा कोकम सरबत तहान अधिक चांगली भागवते आणि गोडही कमी. दोन्ही ठेवावीत.

मिठाचा प्रश्न राहिला. रोजा असलेल्या बाईने चव कशी पाहावी? गरजेपोटी जिभेच्या टोकावर चव घेऊन ती टाकून द्यायला धर्मशास्त्राच्या जाणकारांनी मुभा दिलेली आहे, घशाखाली काही उतरू नये एवढीच अट. तरी बहुतेक जणी ते टाळतात आणि अंदाजावर चालतात. काही घरांत हे काम रोजा नसलेल्या लहान मुलाकडे जाते. मुलाचा अहवाल 'छान आहे' यापलीकडे जात नाही. शेजारची हिंदू मैत्रीण असेल तर तिचा उपयोग मोठा. वाटीत दोन चमचे हरभरे घेऊन समोरच्या दारात जायचे आणि 'जरा मीठ बघता का?' म्हणायचे. अशी विचारणा झाली की ती मैत्रीण पाहुणी राहत नाही, त्या स्वयंपाकाची भागीदार होते, आणि मग संध्याकाळी तिला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. हे ज्यांना जमत नाही त्यांनी मिठाची छोटी वाटी थालातच ठेवावी. पुण्याच्या कॅम्पात जुनी वस्ती असलेल्या दाऊदी बोहरा समाजात तर थालावरचे जेवण चिमूटभर मीठ चाखूनच सुरू होते.

बोहरांच्या थालाकडून आणखी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तिथे आठ-आठ जण एका मोठ्या थालाभोवती बसतात आणि गोड व तिखट पदार्थ आळीपाळीने येतात. सगळे बसेपर्यंत थाल सुरू होत नाही. मराठी पंगतीत वाढणारे आणि जेवणारे वेगळे असतात, वाढणाऱ्यांची पंगत शेवटची. थाल मधोमध असला की वाढण्याचे कामच उरत नाही आणि वाढणारीला बसायला जागा मिळते. बाईला बसवायचे असेल तर तिचे काम कमी झाले पाहिजे, नुसते 'तूही बस ना' म्हणून भागत नाही.

एकाच थालात सगळ्यांनी हात घालणे मात्र प्रत्येकाला रुचेल असे नाही. एकत्र खाण्यात बरकत आहे असे मुसलमान मानतात आणि आपल्या समोरच्या बाजूने खावे, दुसऱ्याच्या बाजूला हात नेऊ नये, असा अदबही शिकवला जातो. मराठी हिंदू घरांत उष्ट्या-खरकट्याचा संस्कार लहानपणापासून असतो, तो एका संध्याकाळी पुसला जात नाही आणि पुसायचीही गरज नाही. त्यात 2020 आणि 2021 चे दोन रमजान टाळेबंदीत गेले. दाराबाहेर पाऊल नाही, पाहुणा नाही, आणि त्यानंतर मुसलमान घरांतही वेगळ्या ताटल्या आल्या त्या टिकल्या. थाल एक, वाढायचे चमचे प्रत्येक पदार्थाला वेगळे, आणि माणशी एक छोटी बशी. मधला मार्ग म्हणून हा चांगला आहे. ज्यांना थालातूनच खायचे ते खातात.

थालाचे भांडे स्टीलचे असले की निर्धोक. तांबट आळीतून आणलेला तांब्याचा थाळा फारच शोभतो, फक्त कल्हई नीट असल्याची खात्री करावी, आणि तरीही दही, चिंच, लिंबू यांच्या वाट्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या. आंबट आणि तांबे यांचे जमत नाही.

आता घड्याळ. पाहुण्यांना 'इफ्तारला या' एवढेच सांगितले तर रोजा नसलेला पुणेकर सव्वासातला पोचतो आणि घरातले त्याची वाट पाहू शकत नाहीत. म्हणून 'सव्वासहाला या' असे स्पष्ट सांगावे. पाहुण्याने उपवास केलेला असावा अशी अपेक्षा नसते, टोपी घालायचीही नसते. फुलांऐवजी फळे आणावीत. बाकरवडी आणली तर ती थेट थालातच जाते. घरात एखाद्या मुलाचा पहिला रोजा, म्हणजे रोजा कुशाई, असेल तर त्याच्यासाठी छोटीशी भेट.

सहाला समोसे आणि एखादा कबाब तळायला घ्यावा. तळणाचे पदार्थ यापेक्षा अधिक नकोत. मोमीनपुऱ्यात किंवा कोंढव्यात कौसर बागेजवळ कबाब तयार मिळतात, ते आणले म्हणून कोणाचे नाक कापले जात नाही. साडेसहाला गॅस बंद. हा थालाचा सर्वांत कडक नियम, आणि तो मोडायला सगळ्यांत आधी घरातले पुरुषच सांगतात: 'भजी गरमच हवीत.' त्यांना गरम भजी हवी असतील तर झारा त्यांच्या हाती द्यावा. साडेसहा ते पावणेसात थाल मांडणे आणि बसणे. शेवटची दहा मिनिटे दुआची असतात, ती तिलाही मिळाली पाहिजेत. रोजेदाराची इफ्तारच्या वेळची दुआ परतवली जात नाही अशी श्रद्धा आहे. मग ती दुआ कांदाभजीच्या घाण्यापाशी का मागायची?

खजूर, शरबत, दोन फोडी फळ, आणि घरातले नमाजला उठतात. कोणी मशिदीत जाते, कोणी आतल्या खोलीत. इथे पंधरा मिनिटांचा एक विचित्र अवकाश तयार होतो आणि पाहुणा थालासमोर एकटा उरतो. खावे की थांबावे? टीव्ही लावावा का? मोबाइल काढावा का? थालाची खरी गरज या पंधरा मिनिटांत असते. म्हणूनच त्यातले पदार्थ गार झाले तरी चालतील असे हवेत. आणि घरातल्या कोणी एकाने, ज्याला नमाज थोडी मागे-पुढे करता येते त्याने, पाहुण्याजवळ बसावे. बहुधा ही आजी असते. ती पाहुण्याला विचारते, 'तुमच्याकडे चैत्रात डाळ करतात ना, कैरीची?'

आजीला ते ठाऊक असते, कारण तिने जुन्या वाड्यात तो चैत्र पाहिलेला असतो. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंबेडाळ, पन्हे, खोबऱ्याचे तुकडे, कलिंगडाची फोड आणि ओटीत मूठभर भिजवलेले हरभरे. इफ्तारच्या थालात हरभरे, शरबत, फळे. दोन्हीकडे उन्हाने दमलेल्या माणसाला थंड करायचे, दोन्हीकडे ज्याच्या-त्याच्या घरी जाऊन थोडेथोडे खायचे. 2022 आणि 2023 ही दोन वर्षे तर नवलाची होती. 2023 मध्ये पहिला रोजा 24 मार्चला, म्हणजे चैत्र शुद्ध तृतीयेला होता, त्याच दिवशी चैत्रगौर बसली. गौर उठते अक्षय्य तृतीयेला, ती आली 22 एप्रिलला, आणि ईदही 22 एप्रिललाच. आधीच्या वर्षी अक्षय्य तृतीया आणि ईद दोन्ही 3 मे रोजी. महिनाभर पुण्यातल्या एका जिन्यावर एका दारात इफ्तार आणि दुसऱ्या दारात हळदीकुंकू होऊ शकत होते. 2025 मध्ये पाडवा 30 मार्चला आणि ईद 31 मार्चला आली. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी मागे सरकतो, म्हणजे तो आता थंडीकडे निघाला आहे. चैत्राची आणि त्याची गाठ पुन्हा पडायला तीस-बत्तीस वर्षे जातील. तोवर कैरी नसेल, पण हरभरे बारा महिने मिळतात.

शेजारी पाठवायची ताटलीही याच थालातून काढायची, तीही पाहुण्यांनी हात लावायच्या आधी. वरून विणकामाचा रुमाल. पूर्वी त्याला सरपोश म्हणत, जुन्या मराठीतही तो सरपोस म्हणून आहे. ताटली रिकामी परत येत नाही. कधी शेंगदाण्याचा लाडू येतो, कधी साखर. ती परत यायला चार दिवस लागले तरी विचारायला जाऊ नये, कारण समोरच्या घरात तीत काय घालायचे यावर खल चाललेला असतो.

पाहुणे नऊच्या आत निघाले तर बरे, कारण घरातल्यांना तरावीहला जायचे असते. थालात जे उरते ते बहुतेक हरभरेच असतात. त्यात टोमॅटो आणि थोडे पाणी घालून उकळले की सहरीला पोळीबरोबर उसळ होते. फुलक्या उरल्या तर दह्यातून काढून ठेवू नयेत, तशाच फ्रिजमध्ये, सकाळपर्यंत टिकतात. कापलेली फळे मात्र रात्रीच संपवावीत. आणि झोपण्यापूर्वी पुढच्या वेळचे पाव किलो हरभरे निवडून ओट्यावर ठेवावेत, म्हणजे पहाटे डोळे न उघडताही पाण्यात टाकता येतात.